नेट ६१: एका कर्नलसाहेबांच्या हँडिकॅपची पूर्ण चिरफाड

गेल्या ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुण्याजवळच्या एका गोल्फ क्लबच्या वार्षिक नेट स्पर्धेत एक रिटायर्ड कर्नलसाहेब अठरा होलमध्ये ७४ फटके मारून आले, आणि गोल्फमध्ये कमी फटकेवाला जिंकतो. प्लेइंग हँडिकॅप १३, म्हणजे ही सूट वजा करून नेट ६१, आणि कोर्सचा पार, म्हणजे निष्णात खेळाडूकडून अपेक्षित फटके, ७१. दुसऱ्या नंबरचा नेट ६५. बोर्डावर आकडा लागला आणि अर्ध्या तासात बारमध्ये "बँडिट" म्हणजे हँडिकॅप मुद्दाम फुगवणारा, हा शब्द तीन टेबलांवरून ऐकू यायला लागला, संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर राडा, आणि सोमवारी कमिटीकडे सह्यांचं पत्र.

क्लबचं नाव देणार नाही, माणूस ओळखू येईल असे तपशीलही बदललेत, पण गणिताची घडी तशीच ठेवलीय, कारण सगळी गंमत त्यातच आहे. मी कमिटीवर नाही, एक्सेल येतं म्हणून फाइल माझ्याकडे आली एवढंच.

गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात. हँडिकॅप म्हणजे तुम्हाला मिळणारी सूट, म्हणजे तुम्ही ८५ मारणारे आणि समोरचा ७५ मारणारा असला तरी दोघांचा सामना रंगतदार व्हावा म्हणून तुमच्या स्कोअरमधून काही स्ट्रोक म्हणजे फटके वजा करायचे. २०२० च्या आधी जगात यासाठी सहा वेगवेगळ्या पद्धती होत्या, अमेरिकेची वेगळी, ब्रिटन-आयर्लंडची वेगळी, युरोप, ऑस्ट्रेलिया, साउथ आफ्रिका, अर्जेंटिना सगळ्यांची आपापली. मग अमेरिकेची यूएसजीए आणि ब्रिटनमधली आर अँड ए या गोल्फचे नियम करणाऱ्या दोन संस्थांनी मिळून वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीम आणली आणि आता भारतातही तीच चालते. अमेरिकेच्या जुन्या पद्धतीत शेवटच्या २० राउंडमधले बेस्ट १० घेऊन सरासरीला ०.९६ ने गुणायचे, आता २० मधले बेस्ट ८ घेतात आणि गुणाकार बंद. कमाल हँडिकॅप ५४.

आपले जुने मेंबर इथेच गडबडतात. हँडिकॅप इंडेक्स ही तुमची सरासरी नाहीये! बेस्ट ८ घेतात म्हणजे तो तुमच्या चांगल्या दिवसाचा आकडा आहे, इंडेक्सप्रमाणे खेळ चार-पाच राउंडमधून एखाद्या वेळेसच होतो. बाकीच्या दिवशी तुम्ही त्याच्या वरच असता. हे डोक्यात ठेवलं नाही तर पुढचं काहीच कळणार नाही.

आता कर्नलसाहेब. आदल्या डिसेंबरमध्ये त्यांचा इंडेक्स १०.२ होता, त्यांच्या वयाला झकास. जानेवारीत उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं, पाच महिने क्लबला हातच नाही, जूनमध्ये परत आले. फिजिओने सांगितलं नऊ होलच्या वर जायचं नाही. मग रोज सकाळी सहाला टी-ऑफ म्हणजे खेळ सुरू, फ्रंट नाइन म्हणजे अठरापैकी पहिले नऊ होल, आठला घरी, आणि शिस्तीचा माणूस असल्यामुळे प्रत्येक कार्ड त्याच दिवशी हँडिकॅपच्या ॲपमध्ये.

एक कार्ड जवळून बघू. फ्रंट नाइनचा पार ३६, कोर्स रेटिंग (शून्य हँडिकॅपच्या खेळाडूचा अपेक्षित स्कोअर) ३५.१, स्लोप (साध्या खेळाडूला कोर्स त्यामानानं किती अवघड त्याचा आकडा) १२६. त्या दिवशी चौथ्या होलवर, पार ४, स्ट्रोक इंडेक्स (सुटीचे स्ट्रोक कुठल्या होलला आधी मिळतात तो क्रमांक) ३, साहेबांनी दोन बॉल तळ्यात घातले आणि ९ घेतले. कॅडी म्हणाला, "साहेब, सोडा ना आता," पण साहेब बॉल होलमध्ये घालूनच आले. एकूण ४३. पण हँडिकॅपसाठी एका होलवर जास्तीत जास्त नेट डबल बोगी धरतात, म्हणजे पार अधिक २ अधिक त्या होलवर मिळणारे स्ट्रोक, इथे ४+२+१ = ७. त्यामुळे कार्ड झालं ४१. हा नियम चांगला आहे, एका तळ्यापायी आख्खा राउंड खराब दिसत नाही, आणि मुद्दाम एका होलवर १२ घेऊन इंडेक्स वाढवणाऱ्यांचीही सोय बंद होते.

मग ११३ भागिले स्लोप गुणिले (स्कोअर वजा रेटिंग). ११३ हा प्रमाण स्लोप. म्हणजे ११३/१२६ × (४१ − ३५.१) = ५.३. हा झाला नऊ होलचा डिफरन्शियल, म्हणजे कोर्स किती अवघड हे धरून काढलेला स्कोअर, आणि बेस्ट ८ निवडतात ते याच आकड्यांतून.

आता इथे २०२४ चा बदल येतो, आणि सगळं प्रकरण त्याच्यावरच फिरतं. आधी काय व्हायचं की नऊ होलचं कार्ड बाजूला पडून राहायचं, दुसरं नऊ होलचं कार्ड आलं की दोन्ही जोडून एक १८ होलचा डिफरन्शियल व्हायचा. १ जानेवारी २०२४ पासून वाट बघणं बंद. तुम्ही नऊ होल खेळलात की उरलेल्या नऊसाठी तुमच्या इंडेक्सचा खेळाडू साधारण किती मारेल हे सिस्टीम ठरवते आणि लगेच जोडून टाकते. १४.० इंडेक्सच्या माणसाला हा अपेक्षित आकडा ८.५ येतो. ५.३ + ८.५ = १३.८, झाला १८ होलचा डिफरन्शियल तयार. ज्या दिवशी साहेब ४५ मारायचे त्या दिवशी ८.९ + ८.५ = १७.४.

बघा, ८.५ म्हणजे १४ च्या निम्म्यापेक्षा जास्त आहे. बरोबरच आहे, कारण अपेक्षित म्हणजे नेहमीचा खेळ आणि इंडेक्स म्हणजे चांगल्या दिवसाचा खेळ. नोकरदार माणसाला, पोरंबाळं असलेल्यांना हा बदल सोयीचा आहे, नऊ होल खेळून जाणाऱ्यांचा इंडेक्स ताजा राहतो. मला बदल आवडला, आजही आवडतो. पण त्याचे दोन परिणाम कुणी आपल्या मेंबरांना नीट समजावले नव्हते.

एक म्हणजे वीसची यादी दुप्पट वेगानं भरते. आधी वीस डिफरन्शियलला नऊ होलची चाळीस कार्डं लागायची, आता वीस पुरे. त्यामुळे साहेबांचे ऑपरेशनच्या आधीचे सगळे चांगले राउंड काही आठवड्यांत यादीतून खाली पडले आणि उरली फक्त दुखऱ्या खांद्याची कार्डं.

दुसरं जरा बारीक आहे. प्रत्येक आकड्याचा अर्धा भाग सिस्टीमचा अंदाज असल्यामुळे चढ-उतार कमी होतात, फार वाईटही नाही आणि फार चांगलंही नाही, सगळं मधोमध. आणि इंडेक्स तर बेस्ट ८ वरून काढतात! फार चांगले आकडेच दिसले नाहीत तर बेस्ट ८ ची सरासरी वर सरकणारच. म्हणजे फक्त नऊ होल खेळणाऱ्याचा इंडेक्स थोडा फुगलेला राहण्याकडे कल असतो, त्याने काहीही लबाडी न करता. किती, ते खेळाडूवर अवलंबून, पण दिशा हीच.

स्पर्धेच्या आधी साहेबांच्या वीसमधले बेस्ट ८ असे होते: १३.८, १३.९, १४.३, १४.६, १४.९, १५.३, १५.७, १५.९. सरासरी १४.८. मग इंडेक्स १४.० कसा? कारण सॉफ्ट कॅप. मागच्या ३६५ दिवसांतला तुमचा सगळ्यात कमी इंडेक्स सिस्टीम धरून ठेवते, साहेबांचा १०.२. त्याच्यावर ३ पर्यंत वाढ मोकळी, म्हणजे १३.२ पर्यंत, त्याच्यापुढची वाढ निम्मी. १४.८ मधले वरचे १.६ झाले ०.८, आणि १३.२ + ०.८ = १४.०. कितीही खराब खेळलात तरी ५ च्या वर वाढ नाहीच, तो हार्ड कॅप, साहेबांसाठी १५.२.

गंमत म्हणजे सप्टेंबरमध्ये साहेबांनीच तक्रार केली होती की माझा खांदा गेलाय आणि सिस्टीम मला अडकवून ठेवतीय, मला पूर्ण १४.८ द्या. हँडिकॅप कमिटीला खऱ्या आजारपणात कॅप शिथिल करायचा अधिकार आहे. कमिटीनं केला नाही. तेव्हा सगळे म्हणाले कमिटी कडक आहे, ऑक्टोबरनंतर तेच लोक म्हणाले कमिटी झोपली होती.

१४.० वरून १३ कसे आले तेही सांगतो, कारण पत्रात तेही चुकीचं लिहिलं होतं. पूर्ण कोर्सचा पार ७१, रेटिंग ६९.८, स्लोप १२४. १४.० × १२४/११३ = १५.३६, त्यात रेटिंग वजा पार म्हणजे −१.२ मिळवलं की १४.१६. हा कोर्स हँडिकॅप. वैयक्तिक स्ट्रोक प्लेला, म्हणजे एकूण फटके मोजायच्या स्पर्धेला, त्याचे ९५ टक्के, १३.४५, म्हणजे १३. पत्रात "१४ चा १३ कुणी केला" असा जाब विचारला होता, जो खरं तर साहेबांनी विचारायला हवा होता.

आता तो रविवार. पाऊस नुकताच गेलेला, वारा नाही, ग्रीन मऊ, बॉल टाकला की तिथेच बसतोय, फेअरवेवर प्लेसिंग, म्हणजे बॉल उचलून चांगल्या जागी ठेवायची मुभा, चालू. सगळ्यांचेच स्कोअर चांगले आले. यासाठी सिस्टीममध्ये पीसीसी (प्लेइंग कंडिशन्स कॅल्क्युलेशन) नावाची सोय आहे, त्या दिवशीचे सगळे स्कोअर बघून ती ठरवते की कोर्स नेहमीपेक्षा सोपा होता का अवघड, आणि −१ पासून +३ पर्यंत दुरुस्ती करते. किमान आठ स्कोअर लागतात. २०२४ च्या बदलात ही दुरुस्ती लागण्याची शक्यता वाढवलीय, आधी ती फारच क्वचित लागायची. त्या रात्री पीसीसी आला −१, म्हणजे दिवस सोपा होता.

त्यामुळे ११३/१२४ × (७४ − ६९.८ + १) = ४.७. पीसीसी नसता तर ३.८. फरक किरकोळ वाटतो ना? १४.० मधून ४.७ गेले ९.३ उरतात, ३.८ गेले १०.२ उरतात. आणि नियम असा की इंडेक्सपेक्षा ७.० ते ९.९ नी चांगला राउंड असला तर वीसच्या वीस डिफरन्शियलमधून १ वजा, १० किंवा जास्त असला तर २ वजा. एका मऊ सकाळीमुळे साहेबांची शिक्षा २ ची १ झाली. शिक्षा म्हणतात लोक, मी दुरुस्ती म्हणेन.

सोमवारी सकाळी ॲपनं काय दाखवलं? बेस्ट ८ मध्ये १५.९ च्या जागी ४.७, सरासरी १३.४, वजा १, नवा इंडेक्स १२.४. म्हणजे पत्र कमिटीच्या टेबलावर पोचायच्या आधीच सिस्टीमनं १.६ कापले होते. काही जणांचं म्हणणं इथेच मिटवा. कॅप्टन म्हणाले नाही, सगळं बघू.

स्टार्टरचं, म्हणजे खेळाडूंना कोर्सवर सोडणाऱ्या माणसाचं, रजिस्टर काढलं. कुणी किती वाजता टी-ऑफ केलं, कोण बरोबर, कॅडी कोण, आगेवाला (पुढे थांबून बॉल बघणारा) कोण, सगळं त्यात असतं, आणि ॲपसमोर ते ठेवलं की दूध का दूध. सकाळच्या नऊ होलची नोंद आणि कार्डं तंतोतंत जुळली. पण ऑक्टोबरमध्ये तीन रविवारी साहेब एका फोरबॉलमध्ये, म्हणजे चौघांच्या गटात, अठरा होल खेळले होते आणि त्यांचं एकही कार्ड नव्हतं. साहेबांना विचारलं तर अगदी सरळ म्हणाले, "अहो, ती फ्रेंडली होती, पैज लावून खेळतो आम्ही, तिचं कसलं कार्ड?"

हा गैरसमज आपल्याकडे घराघरात आहे. नियमात मॅच असो, फ्रेंडली असो, नियमानं खेळलेला राउंड चालतो आणि तो टाकायचा असतो. "दे रे, गिम्मी आहे" म्हणून शेवटचा पुट न मारताच बॉल उचलला तरी चालतं, बहुतेक वेळा किती लागले असते तेवढे धरायचे, एक फुटाच्या पुटला एक, तीस फुटावरून दोन. शेवटचा होल हरल्यावर बॉल उचलून चहाकडे निघालात तरी कार्ड मरत नाही.

आणि आता हसू नका, पत्रावरची पहिली सही त्याच फोरबॉलमधल्या एका मेंबरची होती. साहजिक आहे म्हणा, दर रविवारी साहेबांना पैसे देणाऱ्यालाच माहीत असणार की हा माणूस १४ चा नाही. पण त्याने आपली तरी कुठे टाकली होती कार्डं.

कमिटीनं चौघांना बसवलं, कॅडींनाही बोलावलं, आणि होलनुसार राउंड परत उभे केले. कॅडींच्या स्मरणशक्तीला सलाम, कुठल्या होलला कुठला क्लब मारला इथपर्यंत सांगतात. पहिला रविवार ८०, म्हणजे ९.३. दुसरा ७९, म्हणजे ८.४. तिसऱ्या रविवारी पंधराव्या होलनंतर विजा चमकायला लागल्या म्हणून थांबले होते. पूर्वी न खेळलेल्या होलला नेट पार धरायचे, २०२४ पासून तिथेही अपेक्षित स्कोअर जोडतात आणि अठराच्या कार्डासाठी किमान दहा होल पुरतात. त्याचा आला ११.१.

ही तीन कार्डं वेळेत टाकली असती तर? बेस्ट ८ झाले असते ८.४, ९.३, ११.१, १३.८, १३.९, १४.३, १४.६, १४.९. सरासरी १२.५, सॉफ्ट कॅपची गरजच नाही. १२.५ वरून प्लेइंग हँडिकॅप येतो ११.८९, म्हणजे १२.

बारा! १३ च्या ऐवजी १२. नेट ६१ च्या ऐवजी ६२. ट्रॉफी तरीही तीन स्ट्रोकनी साहेबांचीच. एवढी बोंबाबोंब झाली ती एका स्ट्रोकसाठी.

मग ७४ आले कुठून? कार्ड बघा, फ्रंट नाइन ३९, बॅक नाइन ३५, तिथला पारच ३५ आहे. साहेबांचा खांदा सकाळी आखडलेला असतो, सातव्या-आठव्या होलला सुटतो, हे त्यांचा कॅडी जूनपासून सांगत होता, कमिटीनं विचारलं तेव्हा पहिल्यांदा कुणी ऐकलं. चार-पाच महिने सिस्टीमला दिसला तो फक्त आखडलेला खांदा. सुटलेल्या खांद्याचा बॅक नाइन एकदाही दिसला नाही, त्याच्या जागी ८.५ चा अंदाज बसला, आणि तो अंदाज कशावरून, तर इंडेक्सवरून, आणि इंडेक्स कशावरून, तर त्याच फ्रंट नाइनच्या कार्डांवरून. भात शिजला का हे बघायला रोज वरचंच शीत दाबायचं असला प्रकार.

नऊ होलच्या कार्डानं असामान्य राउंडची दुरुस्ती लागणंही जवळजवळ अशक्य असतं. १४.० इंडेक्सला ७ नी चांगला डिफरन्शियल यायला साहेबांना फ्रंट नाइन ३३ मध्ये मारावा लागला असता, पारपेक्षा तीन कमी. ३४ मारले तरी ७.५ येतो, लागत नाही. म्हणजे सिस्टीमचा धोक्याचा दिवा नऊ होलवाल्यांसाठी पेटतच नाही म्हटलं तरी चालेल. हे मला या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि कमिटीच्या रिपोर्टमध्ये याला एकच ओळ मिळाली.

लबाडी होती का? कमिटी नाही म्हणाली, मीही नाहीच म्हणतो. खरा बँडिट रजिस्टरमध्ये वेगळा दिसतो, त्याचे चांगले राउंड गायब असतात आणि खराब राउंड हजर, शेवटच्या चार होलला अचानक ट्रिपल बोग्या, म्हणजे पारपेक्षा तीन जास्त, आणि मोठी स्पर्धा आली की खेळ उघडतो. १९९५ साली पेबल बीचच्या प्रो-ॲममध्ये जिंकलेल्या जोडीतला हौशी खेळाडू १५ हँडिकॅपवर खेळला होता, खरा निघाला ६, जोडी नंतर बाद केली. ते नऊ स्ट्रोक होते. इथे एक, तोही अशा माणसाचा ज्याने नऊ होलची रडकी कार्डं रोज इमानदारीत टाकली आणि अठराची का टाकायची हेच त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

निकाल असा लागला. ट्रॉफी साहेबांकडेच. तीन कार्डं रेकॉर्डवर चढवली. १२.५ धरला तरी ४.७ चा राउंड ७.८ नी चांगला, म्हणजे १ ची दुरुस्ती कायम. नवे बेस्ट ८ घेऊन सरासरी ११.३, वजा १, इंडेक्स १०.३. डिसेंबरमध्ये १०.२ होता! कमिटीला वरून वेगळी कपात करायचा अधिकार होता, किमान १ ची, काही मेंबरांचा आग्रह होता २ कापा, पण १०.३ बघितल्यावर कुणी बोललं नाही.

फोरबॉलच्या बाकी तिघांचीही कार्डं चढवावी लागली. दोघांचे इंडेक्स खाली आले, पहिल्या सहीवाल्याचा सगळ्यात जास्त, १.४ नी. आता ते साहेबांशी बोलत नाहीत, म्हणे.

पुढच्या वर्षीसाठी क्लबनं अट घातलीय की वार्षिक स्पर्धेत उतरायचं तर आधीच्या सहा महिन्यांत अठरा होलची किमान चार कार्डं हवीत. स्पर्धेच्या अटी क्लब ठरवू शकतो, त्यात वाद नाही. पण चार मला कमी वाटतात, आणि सकाळी नऊ होल खेळून ऑफिस गाठणाऱ्या तरुण मेंबरांना ही अट जाचक आहे, ते ओरडतायत. मी कमिटीला सुचवलं होतं की अट नको, नऊ होलवाल्यांनी आलटून पालटून फ्रंट आणि बॅक खेळावं एवढंच सांगा. त्यावर स्टार्टर म्हणाला की सकाळी सहाला बॅक नाइनवर ग्रीन कापायचं काम चालतं, तिकडे सोडता येणार नाही. ते वेळापत्रक बदलायचं का यावर माळीकाम बघणाऱ्या सब-कमिटीची मीटिंग अजून व्हायचीय.